इटलीतला पहिला समुद्र: रिमिनी–रावेन्ना किनाऱ्यावरचा आठवडा कसा आखावा

इटलीचा समुद्र म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे येतात ती कड्यावर एकावर एक चढलेली रंगीत घरं. आमाल्फी, चिंक्वे तेर्रे. देखणी आहेतच ती. पण आई-वडील, दोन मुलं आणि चार बॅगा घेऊन पहिल्यांदा निघालेल्या घराला तिथे पायऱ्यांनीच दमायला होतं. मी बोलोन्यात राहते. दर उन्हाळ्यात आमच्याकडे महाराष्ट्रातून कुणी ना कुणी येतं, आणि त्या सगळ्यांना मी एकच सांगते: पहिला समुद्र रोमान्याचा, म्हणजे रिमिनी–रावेन्नाच्या या पट्ट्याचा घ्या. सपाट वाळू, उथळ पाणी, गावागावांत रेल्वे स्टेशन, आणि किनाऱ्यापासून तासाभरात बघण्यासारखं इतकं, की आठवडा कमी पडतो. माझा नियम साधा आहे. सकाळ पाण्याची, दुपारनंतरचा वेळ गावांचा. पुढचं सगळं याच हिशोबाने लिहिलंय.

पायरी १: किनारा कसा आहे ते आधी समजून घ्या

इटलीच्या पूर्वेचा समुद्र म्हणजे एड्रियाटिक. त्याच्या काठाने, रावेन्नाच्या उत्तरेपासून दक्षिणेला कात्तोलिकापर्यंत, साधारण शंभर किलोमीटरची ही वाळूची पट्टी. मधे चेर्विया, चेझेनातिको, बेल्लारिया, रिमिनी, रिच्चोने अशी गावं एकाला एक लागून आहेत. पाणी फोटोतल्यासारखं निळंशार नाही, हे आधीच सांगते. तळ वाळूचा असल्याने ते हिरवट दिसतं, वारा सुटला की गढूळही होतं. पण तो तळ इतका हळूहळू खोल होतो की मोठा माणूस बराच आत चालत गेला तरी पाणी कमरेलाच. पोहता न येणाऱ्यांना आणि लहान मुलांना यापेक्षा सोयीचा किनारा मला इटलीत दुसरा माहीत नाही.

आपल्या कोकणात वाढलेल्यांना आणखी एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. इथे भरती-ओहोटी जवळजवळ जाणवत नाही. आपल्याकडे ओहोटीला समुद्र पार लांब जातो आणि भरतीला बसल्या जागेवरून उठावं लागतं. इथे दोन्हींतला फरक मीटरभरही नसतो. म्हणून तर पाण्यापासून थोड्या अंतरावर छत्र्यांच्या रांगा उन्हाळाभर जागच्या जागी उभ्या ठेवता येतात. या किनाऱ्याचा सगळा धंदा त्या न हलणाऱ्या छत्र्यांवर उभा आहे. रिमिनीत समुद्रस्नानाचं पहिलं केंद्र १८४३ साली उघडलं, तेव्हा लोक डॉक्टरांच्या सल्ल्याने, औषध म्हणून समुद्रात उतरत.

पायरी २: महिना ठरवा

इटालियन शाळांना जूनच्या सुरुवातीला सुट्टी लागते ती सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. ऑगस्टमध्ये सगळा देश किनाऱ्यावर येतो, आणि १५ ऑगस्टच्या त्यांच्या मोठ्या सणाच्या, फेर्रागोस्तोच्या आसपास खोली मिळणं कठीण, मिळाली तर महाग. महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी जूनच्या मध्याला संपते, हे आपल्या पथ्यावर पडतं. मे महिन्याचा शेवटचा आठवडा ते जूनचा दुसरा आठवडा हा आपल्यासाठी सगळ्यात चांगला काळ: छत्र्या लागलेल्या असतात, दर उतरलेले असतात, रात्री नऊपर्यंत उजेड असतो. पाणी मात्र मेमध्ये थंड लागतं. मुलांच्या शाळेचं बंधन नसेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा घ्या. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा कोमट असतं आणि गर्दी ओसरलेली.

हिवाळ्यात जाऊ नका असं नाही, पण निम्मी हॉटेलं बंद असतात आणि छत्र्या उतरवलेल्या असतात.

पायरी ३: व्हिसा, विमान, आगगाडी

शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यासाठी निघणार असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच तारीख घ्या, एप्रिलमध्ये तारखांची मारामार असते. मोठ्या माणसाची फी ९० युरो, आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

सगळ्यात जवळचा कामाचा विमानतळ बोलोन्या. मुंबईहून थेट विमान नाही. दुबई, इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टला बदलून येता येतं. विमानतळावरून शहराच्या मुख्य स्टेशनात नेणारी छोटी रेल्वे आहे, तिला सात-आठ मिनिटं लागतात. तिथून रिमिनी जलद गाडीने तासाभरात, साध्या प्रादेशिक गाडीने त्याहून थोड्या जास्त वेळात. मिलानला उतरलात तरी हरकत नाही, तिथून थेट गाड्या आहेत.

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट काढलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात ते घालून तारीख-वेळेचा शिक्का मारायचा. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. तिकीट खिशात असूनही मला दंड भरावा लागला. फोनवर काढलेल्या प्रादेशिक तिकिटाचंही गाडीत बसण्याआधी फोनवरच चेक-इन करावं लागतं. आणि निघायच्या आदल्या रात्री संप, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘शोपेरो’, आहे का हे बघून ठेवा. तो आधी जाहीर झालेला असतो.

गाडी भाड्याने घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या गावांच्या मध्यभागी परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते.

पायरी ४: मुक्कामाचं गाव निवडा

म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर चेझेनातिको किंवा बेल्लारिया. शांत, लहान, सगळं चालत जाण्याइतकं. तरुण मंडळी असतील तर रिच्चोने, तिथली संध्याकाळ रात्री उशिरापर्यंत चालते. सावलीला पाइनची झाडं हवी असतील तर चेर्वियाला लागून असलेलं मिलानो मारित्तिमा, जे थोडं महाग आहे. पहिल्या खेपेला मात्र मी रिमिनीच सुचवते. स्टेशनच्या एका बाजूला रोमन काळापासूनचं शहर दहा मिनिटांवर, दुसऱ्या बाजूला समुद्र पंधरा-वीस मिनिटांवर, आणि सगळीकडच्या गाड्या-बस तिथूनच सुटतात. रिमिनी स्टेशन ते रिच्चोने स्टेशन अशी स्वतंत्र मार्गावरून धावणारी विजेवरची बसही आहे, तिला मेत्रोमारे म्हणतात.

इथली खरी मजा घरगुती हॉटेलांत आहे. आजी गल्ल्यावर, मुलगा स्वयंपाकात, सून वाढायला, अशी दोन-तीन पिढ्यांची हॉटेलं अजून आहेत. खोली घेताना ‘मेद्झा पेन्सिओने’ विचारा, म्हणजे सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून दर. रात्रीच्या पदार्थांची निवड बहुधा आदल्या दिवशी किंवा सकाळीच एका कागदावर खूण करून द्यायची असते. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. पर्यटन कर दर माणशी, दर रात्री, हॉटेलातच वेगळा द्यावा लागतो, तो खोलीच्या भाड्यात धरू नका.

पायरी ५: बान्यो म्हणजे काय, आणि तिथे वागायचं कसं

नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ वाळूवर पोहोचल्यावर होतो. समोर छत्र्यांचं शेत, मधे पायवाटा, आणि दर थोड्या अंतरावर एक फलक: बान्यो २६, बान्यो २७. किनाऱ्याचा प्रत्येक तुकडा चालवायला दिलेला असतो, आणि चालवणाऱ्याच्या त्या जागेला ‘बान्यो’ म्हणतात. छत्री म्हणजे ‘ओम्ब्रेल्लोने’, पाठ टेकायची खाट म्हणजे ‘लेत्तीनो’. एक छत्री आणि दोन खाटा दिवसाला साधारण २० ते ४० युरो. महिना कोणता आणि रांग कितवी यावर ठरतं. पाण्याजवळची पहिली रांग महाग. मी नेहमी चौथी-पाचवी घेते. मुलं पाण्यात दिसतात आणि वाऱ्याने वाळूही कमी उडते. आठवड्याचा दर विचारलात तर बराच फरक पडतो, आणि पुष्कळ हॉटेलांचं एखाद्या बान्योशी ठरलेलं असतं. आधी हॉटेलात विचारा.

त्या पैशांत शॉवर, संडास, कपडे बदलायची जागा, बहुतेक ठिकाणी मुलांचे झोपाळे असं सगळं येतं. पैसे द्यायचे नसतील तर ‘स्पियाज्जा लिबेरा’ असा फलक शोधा. तो मोकळा, फुकट किनारा. तिथे आपली चटई पसरून बसता येतं, पण सोयी फारशा नसतात. बान्योच्या पुढची पाण्यालगतची पट्टी सगळ्यांना चालायला मोकळी असते. पहाटे त्या ओल्या वाळूवरून अनवाणी दोन-तीन किलोमीटर चालून या. जाळी साफ करणाऱ्या होड्या, वाळूवर दाताळं ओढणारे ट्रॅक्टर आणि कुत्री फिरवणारी म्हातारी माणसं, एवढंच असतं तेव्हा.

मुलांना बान्योचा नंबर पाठ करून घ्या. सगळ्या छत्र्या सारख्या दिसतात आणि पाण्यातून बाहेर आलेलं मूल सहज चुकतं. नंबर सांगता आला तर कोणीही आणून सोडतं, आणि किनाऱ्यावर लाऊडस्पीकरवरून हरवलेल्या मुलांची घोषणाही होते. मनोऱ्यावरचं निशाण बघायची सवय लावा: पांढरं म्हणजे जीवरक्षक हजर, लाल म्हणजे पाण्यात उतरू नका.

दुपारी एक ते तीन इटालियन आया मुलांना पाण्यात सोडत नाहीत. जेवणानंतर अन्न जिरल्याशिवाय पाणी नाही, हा त्यांचा पक्का दंडक. आपल्या आज्ज्यांना तो लगेच पटतो. त्या वेळात वाळूही पायाला भाजते, तेव्हा खोलीवर जाऊन झोपा.

वाळूवर हिंडून नामांकित कंपन्यांच्या नकली पर्स, गॉगल विकणारे भेटतील. घेऊ नका, घेणाऱ्यालाही दंड होतो.

पायरी ६: खायचं काय

इथे आल्यावर पहिल्या दिवशी पियादिना खा. रस्त्याच्या कडेला रंगीत पट्ट्यांच्या टपऱ्या दिसतात, तिथे आत बाई पोळपाटासारख्या फळीवर गोळा लाटते, तापलेल्या सपाट तव्यावर टाकते, काट्याने टोचते, फिरवते, उलटते. फोड येऊन त्यांवर तपकिरी डाग पडले की उतरवते. वास थेट आपल्या स्वयंपाकघराचा. मैदा, पाणी, मीठ आणि चरबी, एवढंच सामान. चेझेना-रावेन्नाकडची पियादिना जाड आणि लहान, रिमिनीची पातळ आणि मोठी; कोणती खरी यावर इथे मनापासून वाद होतात. मला रिमिनीची आवडते, कारण ती घडी घालून हातात धरता येते.

शाकाहारी माणसांनी नीट लक्ष द्यावं अशी गोष्ट इथे आहे. पारंपरिक पियादिनातली ती चरबी डुकराची असते, तिला ‘स्त्रुत्तो’ म्हणतात. ऑलिव्ह तेलाची पियादिनाही मिळते, पण मागावी लागते. म्हणायचं: ‘सेन्झा स्त्रुत्तो, कोन ओल्यो’. आत स्क्वाक्वेरोने नावाचं मऊ, वाहतं, किंचित आंबट चीज आणि रुकोलाची पानं घालून घ्या. पानांचा तिखटपणा आणि चिजाचा गारवा गरम पोळीत एकत्र येतो. मी आठवड्यातून चार वेळा तेवढ्यावर जेवू शकते. तीच पोळी भाजी किंवा टोमॅटो-चीज भरून, कडा दाबून भाजली की तिला ‘कास्सोने’ म्हणतात. पालेभाजीचा कास्सोने मुलांना आवडतो.

दुसरा धोका रश्शाचा. ‘पास्सातेल्ली इन ब्रोदो’ हा ब्रेडचा चुरा, अंडं आणि चीज यांच्या जाड शेवयांचा पदार्थ. नावात मांस कुठेच नाही, पण ब्रोदो म्हणजे मांसाचाच रस्सा. माझ्या आत्याने शाकाहारी असल्याचं सांगूनही एका हॉटेलात तिच्यापुढे हाच वाडगा आला, आणि वाढणाऱ्याला मनापासून वाटत होतं की यात मांसाचा तुकडा नाही म्हणजे झालं. तेव्हा नुसतं ‘वेजेतारियाना’ म्हणून थांबू नका. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो दी कार्ने’ एवढं पूर्ण म्हणा. पार्मेझान चिजात वासराच्या पोटातलं विरजण असतं, हेही कडक पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे. जाळावर भाजलेल्या छोट्या माशांची थाळी, ‘सार्दोन्चीनी’, मागा. आपल्याकडच्या तारल्यांची आठवण येते. पियादिनात गुंडाळून, वर कांदा, आणि हाताने. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन युरो दिसतील. ते टेबलाचे, प्रत्येकाला द्यावे लागतात.

पायरी ७: रिमिनीची एक संध्याकाळ

इ. स. पू. २७ मधली ऑगस्टसची कमान हे रोमहून आलेल्या जुन्या रस्त्याचं टोक. तिथून सरळ चालत निघा आणि मुख्य रस्ता सोडू नका. वीस मिनिटांत तुम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला तिबेरियसच्या पुलावर पोहोचता. पाच कमानींचा हा पांढऱ्या दगडाचा पूल इ. स. २१ मध्ये पूर्ण झाला. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांनी रिमिनीचा मोठा भाग जमीनदोस्त झाला, पूल टिकला, आणि अगदी अलीकडेपर्यंत त्यावरून मोटारी जात होत्या. पलीकडे सान जुलियानो नावाची कोळ्यांची जुनी वस्ती आहे. रंगीत ठेंगणी घरं, आणि भिंतींवर याच शहरात १९२० साली जन्मलेल्या फेदेरिको फेल्लिनी या चित्रपट दिग्दर्शकाच्या आठवणींची चित्रं. सूर्यास्ताला तिथे बसा.

वाटेत एक जागा चुकवू नका: वैद्याचं घर. १९८९ साली एका चौकाच्या बागेत काम चालू असताना जमिनीखाली रोमन काळातलं घर सापडलं. तिसऱ्या शतकात ते आगीत कोसळलं होतं, आणि त्या ढिगाऱ्याखाली शल्यवैद्याची दीडशेवर हत्यारं जशीच्या तशी राहिली. चिमटे, सुऱ्या, दात उपटायचे पक्कड. घर काचेच्या छताखाली आहे, हत्यारं शेजारच्या संग्रहालयात. आमच्या ओळखीची एक डॉक्टर मुलगी त्या कपाटापुढे अर्धा तास उभी होती.

पायरी ८: रावेन्नासाठी पूर्ण दिवस

सकाळचं पाणी या एका दिवशी सोडा. रिमिनीहून रावेन्नाची प्रादेशिक गाडी साधारण तास घेते. एक स्टेशन आधी, क्लास्सेला उतरा. स्टेशनाला लागूनच सांत आपोल्लिनारे हे सहाव्या शतकातलं चर्च आहे. आत गेल्यावर समोर हिरवंगार कुरण, त्यावर ओळीने पांढऱ्या मेंढ्या, सगळं काचेच्या खड्यांचं. क्लास्से हे एके काळी रोमन आरमाराचं बंदर होतं. गाळ साचत गेला, समुद्र मैलोगणती दूर गेला, आणि बंदरातलं हे चर्च आज शेतात उभं आहे.

पुढच्या गाडीने रावेन्ना. इ. स. ४०२ ते ४७६ या काळात हे शहर पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी होतं. त्या काळातल्या आणि लगेच नंतरच्या आठ वास्तू १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. पाच ठिकाणांचं एकत्रित तिकीट मिळतं. त्यात गाल्ला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीच्या समाधीला ठरावीक वेळच घ्यावी लागते, ती घरूनच ऑनलाइन घ्या, कारण आत थोडेच लोक आणि थोडाच वेळ सोडतात.

ही समाधी बाहेरून विटांची साधी, बुटकी खोली आहे. आत शिरल्यावर काही सेकंद काहीच दिसत नाही. खिडक्यांना काच नाही, पातळ कापलेल्या दगडाच्या तावदानांमधून मधाच्या रंगाचा उजेड झिरपतो. डोळे सरावले की वरचं छत उमटायला लागतं: गडद निळं आकाश, आणि त्यात सोन्याचे तारे. जवळ जाऊन भिंत बघा. नखाएवढे खडे एका पातळीत बसवलेले नाहीत, प्रत्येक खडा जरासा तिरका आहे, एक इकडे, एक तिकडे. म्हणून तुम्ही पाऊलभर सरकलात की वेगळाच तारा चमकतो. मुलांना हे सांगून आत पाठवा, ती आपोआप हळू चालतात. शेजारच्या सान विताले चर्चमध्ये, जे ५४७ साली पूर्ण झालं, पूर्व रोमन साम्राज्याचा सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा समोरासमोरच्या भिंतींवर आपापल्या लवाजम्यासह उभे आहेत. थिओडोराच्या झग्याची खालची किनार नीट बघा, तिथे बाळ येशूसाठी भेटी घेऊन निघालेले तीन राजे भरतकामात काढलेत.

खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला. समुद्रावरून थेट चड्डी-बनियनवर गेलात तर दारातच अडवतील. महाकवी दान्ते १३२१ साली याच शहरात वारला. त्याची छोटी समाधी चौकाजवळ आहे, तिकीट नाही.

पायरी ९: अर्ध्या दिवसाच्या सहली

चेझेनातिकोचा कालवा गावाच्या मधोमध आत येतो. १५०२ साली लिओनार्दो दा विंची इथे आला होता आणि त्याने या बंदराचा आराखडा कागदावर उतरवला. आज त्या पाण्यात जुन्या लाकडी होड्या उभ्या आहेत, तांबड्या-पिवळ्या शिडांच्या, आणि शिडांवर प्रत्येक कोळी घराण्याची खूण. लांबूनच कोणाची होडी परत येतेय ते बायकांना कळावं म्हणून ती असायची. चेर्वियाला मिठागरं आहेत, ८०० हेक्टरांहून मोठी. पेण-उरणची मिठागरं पाहिलेल्यांना वाफे ओळखीचे वाटतील. इथे त्यांत रोहित पक्षी उभे असतात. इथल्या मिठात कडवटपणा कमी, म्हणून त्याला ‘गोड मीठ’ म्हणतात. घरी न्यायला किलोभर घ्या.

सान मारिनो हा डोंगरावरचा स्वतंत्र देश, रिमिनी स्टेशनसमोरून बसने तासाभराच्या आत. सीमेवर कोणी अडवत नाही, एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी अडचण येत नाही. बुरुजांवरून समुद्र दिसतो. दुकानांत वेळ घालवू नका.

त्याऐवजी सांतार्कांजेलोला जा, रिमिनीहून आगगाडीने दहा मिनिटं. टेकडीच्या पोटात शंभराहून जास्त हाताने खोदलेल्या गुहा आहेत, आणि गावात कापडावर गंजाच्या रंगाने ठसे उमटवणारी कार्यशाळा. लाकडी ठसा, हातोडा, आणि लोखंडाचा गंज, व्हिनेगर, पीठ कालवून केलेला रंग. द्राक्षाचे घड, कोंबडे, डाळिंबं. तिथे माणसाच्या वजनाने फिरणारं, सतराव्या शतकातलं लाकडी चाकाचं इस्त्रीयंत्रही आहे. आपल्याकडचं ठशाचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांचे पाय तिथून निघत नाहीत.

पायरी १०: फोर्ली आणि सेनियो

प्रवासकंपन्यांच्या यादीत हे नसतं. मराठी माणसाने इथवर येऊन तिथे जाऊ नये असं मात्र मला वाटतच नाही.

१९४४ च्या शरदापासून १९४५ च्या वसंतापर्यंत युद्धाची आघाडी याच रोमान्यात अडकून पडली होती, आणि जर्मनांविरुद्ध लढणाऱ्यांत हिंदुस्थानी पलटणी होत्या. रावेन्नाच्या पश्चिमेला लुगो गावाजवळून सेनियो नावाची नदी वाहते. नदी अरुंद आहे, पण दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले मातीचे उंच बांध आहेत, आणि जर्मन त्या बांधांत दडून बसले होते. ९ एप्रिल १९४५ ला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने ती ओलांडली. तेव्हा शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचा, तेवीस वर्षांचा, कंपनीचा निरोप्या होता. त्याच्या आसपासचे बहुतेक पडले. त्याने दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे पोहोचवलं. मग एकटा परत गेला आणि मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून हातबाँबनी. आणि शेवटी बांधाच्या माथ्यावर उभा राहून त्याने मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि उरलेल्यांना हाताने बोलावून घेतलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो गावी परतला आणि १९८४ पर्यंत जगला.

त्या बांधांवरून आज लोक सायकली चालवतात. लुगोला रावेन्नाहून गाडी आहे. आल्फोन्सिने गावात सेनियोच्या लढाईचं संग्रहालय आहे, तेही रेल्वेमार्गावरच; उघडण्याच्या वेळा आधी बघून जा.

जे परतले नाहीत त्यांची जागा फोर्लीला. बोलोन्या–रिमिनी मार्गावरचंच हे स्टेशन, म्हणजे येताना किंवा जाताना मधे उतरता येतं. सामान ठेवायची सोय आधी विचारून घ्या. स्टेशनावरून रावेन्नाकडे जाणाऱ्या रस्त्याला टॅक्सीने दहा-एक मिनिटांत भारतीय सैनिकांची दफनभूमी येते. ड्रायव्हरला ‘चिमितेरो इंदियानो’ म्हणा, त्याला कळतं. टॅक्सी थांबवूनच ठेवा, परतीची तिथे मिळत नाही. जवळपास पाचशे कबरी आहेत. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, त्यांची नावं वेगळ्या स्मारकावर कोरली आहेत, आठशेच्या घरात. गवत कापलेलं असतं, फुलझाडं लावलेली असतात, आणि बहुतेक वेळा तुमच्याशिवाय कोणी नसतं.

नावं पलटणींप्रमाणे लावली आहेत. ‘मराठा’ हा शब्द तिथे जुन्या इंग्रजी पद्धतीने, मधे ‘ह’ घालून लिहिलेला आहे, तो शोधायचा आणि तिथून खाली वाचत जायचं. मोठ्याने वाचा. माझ्या सासऱ्यांनी तसंच केलं होतं, चष्मा कपाळावर सरकवून, प्रत्येक नावावर बोट ठेवत, आणि एका ओळखीच्या आडनावापाशी ते बराच वेळ थांबले. नातं काही नव्हतं, नुसतं आडनाव.

फाटकाजवळच्या कोनाड्यात भेट देणाऱ्यांची वही असते. पेन बरोबर न्या, आणि मराठीत लिहा.